फॉस्टर केअरमधली मुलं आणि अकाली गर्भधारणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फॉस्टर केअर म्हणजे स्वतःच्या आईवडिलांकडे राहता न येणाऱ्या मुलांची सरकारी देखरेखीखाली दुसऱ्या घरी किंवा संस्थेत केलेली सोय. त्यातले फॉस्टर पालक, केसवर्कर (मुलाची केस सांभाळणारी समाजसेवक), ग्रुप होममध्ये (अशा मुलांच्या वसतिगृहात) काम करणारी माणसं आणि मेंटॉर (मार्गदर्शक) यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. या विषयावरचा बराचसा अभ्यास अमेरिकेत आणि काही प्रमाणात इंग्लंडमध्ये झालाय, म्हणून आकडे तिथलेच आहेत. कायदे मात्र प्रत्येक देशात, अमेरिकेत तर प्रत्येक राज्यात वेगळे असतात, तेव्हा त्याबाबतीत तुमच्याकडचा नियम आधी विचारून घ्या.

या मुलींमध्ये प्रमाण खरंच जास्त आहे, की आपणच त्यांच्याकडे संशयाने बघतो?

दोन्ही खरं आहे. संशयाने बघितलं जातं आणि प्रमाणही जास्त आहे.

सगळ्यात जास्त उल्लेख होतो तो शिकागो विद्यापीठातल्या चेपिन हॉल या संशोधन केंद्राने केलेल्या अभ्यासाचा. २००२ मध्ये इलिनॉय, आयोवा आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतल्या, फॉस्टर केअरमध्ये असलेल्या सातशेहून अधिक तरुण-तरुणींच्या मुलाखतींपासून त्याची सुरुवात झाली आणि पुढे काही वर्षं त्याच मुलांना पुन्हा पुन्हा भेटण्यात आलं. १७-१८ व्या वर्षी यातल्या सुमारे एक तृतीयांश मुलींना एकदा तरी दिवस गेले होते. १९ व्या वर्षी हे प्रमाण जवळपास निम्म्यावर गेलं आणि २१ व्या वर्षी ७१ टक्क्यांवर. त्याच वयाच्या इतर तरुणींमध्ये ते एक तृतीयांशाच्या आसपास होतं.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून बघा. अमेरिकेत १५ ते १९ वयाच्या दर हजार मुलींमागे १९९१ मध्ये ६१.८ बाळंतपणं होत होती, २०२२ मध्ये ती १३.६ वर आली. एवढी मोठी घट होऊ शकते, म्हणजे हा प्रश्न सुटणारा आहे. पण शाळा, घर, डॉक्टर या ज्या वाटांनी ही घट आली, त्याच वाटा फॉस्टर केअरमधल्या मुलांसाठी मध्येच तुटलेल्या असतात.

मग कारण काय? माहिती नसते म्हणून का?

माहितीची कमतरता हे एक कारण आहे, पण मला ते पहिलं वाटत नाही.

फॉस्टर केअरमधलं मूल वर्षात दोन-तीनदा घर बदलतं तेव्हा काय काय सुटतं ते बघा. एका शाळेत लैंगिक शिक्षणाचा तास पुढच्या सत्रात असतो, दुसऱ्या शाळेत तो मागच्या सत्रातच होऊन गेलेला असतो. डॉक्टरकडची फाईल मागे राहते. गोळ्यांचं पाकीट जुन्या घराच्या खणात राहतं. जिच्याशी ही मुलगी मोकळेपणाने बोलायची ती मोठी बहीण किंवा बाई आता दुसऱ्या गावात. ज्या विषयावर अनोळखी माणसाशी बोलणं कुणालाही जड जातं, त्यावर बोलायला हिच्याजवळ नेमकी अनोळखी माणसंच उरतात.

दुसरं कारण भूतकाळातलं. लहानपणी लैंगिक अत्याचार झालेल्या मुलींमध्ये किशोरवयात दिवस जाण्याची शक्यता इतरांच्या दुपटीहून अधिक असते, असं अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे. ज्या मुलीला ‘नाही’ म्हटल्यावर कुणी ऐकलंच नाही, तिला पुढे ‘नाही म्हण’ एवढाच सल्ला देणं क्रूर आहे.

तिसरं म्हणजे प्रेमाची भूक. हा शब्दप्रयोग गुळगुळीत झालाय, म्हणून नीट सांगते. ज्याच्यासोबत आहोत तो सोडून जाईल, या भीतीपोटी कंडोमचा आग्रह सोडला जातो. राहायला जागा नाही म्हणून वयाने बऱ्याच मोठ्या माणसाच्या घरी मुक्काम होतो आणि त्या मुक्कामाची किंमत वसूल केली जाते. फॉस्टर घरातून पळून गेलेल्या मुलींच्या बाबतीत हे विशेष खरं आहे. अशा वेळी गर्भनिरोधकांच्या तक्त्याआधी प्रश्न येतो तो आज रात्री झोपायचं कुठे हा.

काही मुलींना मूल हवंच असतं म्हणे. हे खरं आहे का?

हो. प्रतिबंधाचे बहुतेक कार्यक्रम इथेच चुकतात, कारण ते प्रत्येक गर्भधारणेला ‘अपघात’ समजून आखलेले असतात. फॉस्टर केअरमधल्या मुलींशी जेव्हा जेव्हा नीट बोललं गेलं, तेव्हा काहींनी स्पष्ट सांगितलं: मला माझं म्हणावं असं कुणीतरी हवं होतं. मला जसं वाढवलं त्याहून वेगळं वाढवून दाखवायचं होतं. काहींनी तर मूल झाल्यावरच आपण शाळा, व्यसन, संगत याबाबत सावरलो असंही सांगितलं.

हे ऐकून लगेच ‘अगं, तुला कळत नाहीये’ म्हणू नका. इच्छा खोटी नाही. फक्त ‘कधी’ हा प्रश्न अजून उघडा असतो. ‘तुझ्या बाळाला तू काय देऊ इच्छितेस?’ असं विचारलं की ती स्वतःच बोलायला लागते: स्वतःचं घर, कुणी मध्येच नेणार नाही अशी आई, शांतता. मग ‘हे जुळायला आणखी काय काय लागेल?’ या दिशेने जाता येतं. मूल नकोच असं पटवण्यापेक्षा मूल पुढे ढकलण्याचं कारण तिच्या हाती येणं जास्त टिकतं. आणि कारण म्हणजे काय, तर अर्धवट राहिलेलं शिक्षण पूर्ण करणं, वाहन चालवायचा परवाना, एखादी नोकरी, जमेल तसं वाजवायला शिकलेलं गिटार. पुढे काही दिसत असेल तर माणूस थांबतो.

यावर बोलायचं कुणी? हे माझं काम आहे का?

सगळ्या पानातला हाच प्रश्न मला सर्वात महत्त्वाचा वाटतो.

फॉस्टर पालकांना वाटतं केसवर्कर बोलली असेल. केसवर्करला वाटतं, मूल ज्यांच्या घरात राहतं त्यांनी बोलायला हवं; तिच्याकडे आधीच ढीगभर फायली असतात. शाळेला वाटतं घरी बोलतील. डॉक्टरांकडे मुलगी दर वेळी वेगळ्या मोठ्या माणसासोबत येते, आणि ते माणूस खोलीतच बसून राहतं. कुणीच कामचुकार नसतं, तरी मुलीशी कुणीच बोललेलं नसतं.

कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये यासाठी कायदाच केला. मिडल स्कूलच्या (साधारण सहावी ते आठवी) वयात एकदा आणि हायस्कूलच्या वयात एकदा मुलाला सर्वंकष लैंगिक शिक्षण मिळालं आहे ना, याची खात्री केसवर्करने करायची आणि तशी नोंद केस प्लॅनमध्ये ठेवायची. मिळालं नसेल तर ते कुठे मिळेल हे सांगायचं. शिवाय फॉस्टर पालक, केसवर्कर आणि न्यायाधीश यांनाही प्रशिक्षण द्यायचं. या कायद्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे कामाला माणूस नेमून दिला आहे.

तुमच्याकडे असा कायदा नसला तरी पुढच्या बैठकीत एवढं विचारा: ‘या मुलीशी या विषयावर कोण बोलणार, आणि कधीपर्यंत?’ उत्तरात एक नाव आणि एक तारीख आली पाहिजे. कुणीच पुढे आलं नाही, तर ते नाव तुमचं.

आपण बोललो तर नसलेलं काही डोक्यात भरवतोय असं होणार नाही का?

नाही. सर्वंकष लैंगिक शिक्षणाने मुलं लवकर संबंध ठेवायला लागतात असं कुठेही सिद्ध झालेलं नाही. उलट अनेक ठिकाणी सुरुवात लांबली आणि साधनांचा वापर वाढला. युनेस्कोने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हे स्पष्ट नोंदवलं आहे. ‘लग्नापर्यंत थांबा’ एवढंच शिकवणाऱ्या कार्यक्रमांचं मोठं मूल्यमापन अमेरिकेत २००७ मध्ये झालं, त्यात ते शिकलेली आणि न शिकलेली मुलं सारखीच वागताना दिसली.

आणि या मुलांच्या डोक्यात आपण काही पहिल्यांदा घालतोय, हा आपला गोड गैरसमज असतो.

सुरुवात कशी करू? समोरासमोर बसलं की ती मान खाली घालते.

मग समोरासमोर बसूच नका. गाडीत, भांडी पुसताना, चालता चालता. नजर भिडवायला लागत नाही अशा जागी बोलणं सोपं जातं. एकदाच बसून दोन तासांचं प्रवचन देण्यापेक्षा पाच-पाच मिनिटांची वीस बोलणी बरी.

पहिलं वाक्य स्वतःबद्दलच्या कबुलीचं असू दे: ‘हे बोलताना मला थोडं अवघडल्यासारखं होतं, तुलाही होत असेल. पण तुला कधी काही विचारायचं असेल तर मी रागावणार नाही.’ नंतर ते वाक्य पाळायचं. तिने पहिला प्रश्न विचारला की ‘का गं, तू हे का विचारतेस?’ असं तुमच्या तोंडून गेलं, तर दुसरा प्रश्न येत नाही.

‘तुम्ही काही माझी आई नाही’ हे ऐकायची तयारी ठेवा. ते खरंच आहे, त्यावर वाद घालू नका. ‘नाहीच आहे. पण या घरात असेपर्यंत तुझी काळजी माझ्याकडे आहे, आणि यात हेही येतं,’ एवढं पुरे.

माहिती देताना शब्द सरळ वापरा. अवयवांची नावं, पाळीचं चक्र, गर्भ कसा राहतो, हे सगळं नीट सांगा. ‘ते’, ‘तसलं’, ‘तिकडे’ अशा शब्दांतून मुलांना एकच गोष्ट कळते, की हे माणूस बोलायला घाबरतंय.

तिच्यावर पूर्वी अत्याचार झालेत. तिच्याशी हा विषय काढू की नको?

काढा, पण लगाम तिच्या हातात द्या. आधी विचारा: आत्ता बोलायचं की नंतर, माझ्याशी की दुसऱ्या कुणाशी? मध्येच थांबायची मुभा आहे हे सांगा. झालेली घटना पुन्हा सांगायला लावू नका. गर्भनिरोधनाबद्दल बोलायला ते सांगण्याची गरज नसते. अत्याचारात तिची चूक नव्हती आणि तेव्हा जे झालं ते तिचं ‘पहिलं’ धरायचं कारण नाही, हे मात्र स्पष्ट सांगा. बऱ्याच मुलींना वाटत असतं की आता राखण्यासारखं काही उरलेलंच नाही, आणि हे वाटणंच पुढच्या धोक्याची वाट उघडतं.

डॉक्टरकडे जाण्याआधी हेही सांगा की बहुतेक गर्भनिरोधक साधनांसाठी आतली तपासणी लागत नाही. गोळी, इंजेक्शन, इम्प्लांट (दंडात बसवायची सळी) यांना नाहीच लागत. त्या तपासणीच्या धास्तीने कित्येक मुली दवाखान्याची पायरीच चढत नाहीत.

कोणती साधनं आहेत आणि कोणती या वयाला चालतात?

जवळजवळ सगळी चालतात. कमी वय आहे किंवा मूल झालेलं नाही, एवढ्यावरून कोणतंही तात्पुरतं साधन बाद होत नाही. फरक पडतो तो साधन रोजच्या शिस्तीवर किती अवलंबून आहे यावर. खालचे आकडे माणसं प्रत्यक्षात जसं वापरतात, विसरून, उशीर करून, तसे आहेत.

इम्प्लांट, म्हणजे दंडाच्या आतल्या बाजूला कातडीखाली बसवायची काडीपेटीतल्या काडीएवढी सळी. साधारण तीन वर्षं किंवा त्याहून अधिक काम करते आणि वर्षभरात हजारात एखादीलाच दिवस जातात. पाळी अनियमित होते, अधूनमधून डाग पडतात. हे आधी सांगितलं नाही तर मुली घाबरून ती काढून घेतात.

तांबी. तांब्याची दहा वर्षांपर्यंत चालते, हार्मोनची काही वर्षं. शंभरात एखादीहून कमी जणींना दिवस जातात. तांब्याच्या तांबीने पाळीत रक्तस्राव आणि दुखणं वाढू शकतं, हार्मोनच्या तांबीने बहुधा कमी होतं. ती बसवायला आतली तपासणी लागते आणि दुखू शकतं, वेदनाशामक मागायचा हक्क आहे.

तीन महिन्यांचं इंजेक्शन. शंभरात सुमारे चौघी. कुणाला दिसत नाही, घरात काही लपवावं लागत नाही. पुढच्या तारखेला मुलगी कुठल्या गावात असेल, हा फॉस्टर केअरमधला खास प्रश्न; तारीख तिच्या फोनमध्येही ठेवा आणि फाईलमध्येही.

रोजची गोळी. शंभरात सुमारे सात जणींना वर्षभरात दिवस जातात, कारण गोळी चुकते. घर बदलताना ती बॅगेत पहिली गेली पाहिजे.

कंडोम. शंभरात सुमारे तेरा. म्हणून एकट्या कंडोमवर भिस्त ठेवू नका, पण तो सोडूही नका, कारण गुप्तरोग आणि एचआयव्हीपासून वाचवणारं या यादीतलं तेच एक साधन आहे. वरचं एखादं साधन आणि सोबत कंडोम ही जोडी उत्तम. आयत्या वेळी बाहेर येणं हे साधन म्हणून मोजायचंच असेल तर शंभरात वीस.

तातडीची गोळी. लेव्होनॉरजेस्ट्रेलची संबंधानंतर ७२ तासांत, जितकी लवकर तितकी चांगली. युलिप्रिस्टल १२० तासांपर्यंत. पाच दिवसांत बसवलेली तांब्याची तांबी सगळ्यात खात्रीची. राहिलेला गर्भ या गोळीने पडत नाही. ती अंडं बाहेर पडणं लांबवते. ही गोळी कुठे मिळते हे मुलीला वेळ येण्याआधी ठाऊक हवं, कारण ७२ तासांत बैठक बोलावून मंजुरी मिळत नाही.

तिला मानसोपचाराची किंवा फिट्सची औषधं चालू आहेत. काही अडचण?

असू शकते, आणि हा प्रश्न फार कमी जण विचारतात. फॉस्टर केअरमधल्या मुलांना मनाची औषधं इतर मुलांपेक्षा जास्त प्रमाणात दिली जातात.

कार्बामाझेपीन, फेनिटॉइन, टोपिरामेट यांसारख्या औषधांनी गर्भनिरोधक गोळी आणि इम्प्लांट यांचा परिणाम कमी होतो; तांबी आणि इंजेक्शनवर तसा परिणाम होत नाही. लॅमोट्रिजिनचं उलटं आहे: इस्ट्रोजेन असलेल्या गोळीने त्याचंच रक्तातलं प्रमाण खाली येतं आणि फिट किंवा मूडचा त्रास परत येऊ शकतो. व्हॅल्प्रोएट तर गर्भावस्थेत बाळाच्या मेंदूला आणि मणक्याला गंभीर इजा करू शकतं, म्हणून ते घेणाऱ्या मुलीला खात्रीचं गर्भनिरोधक हवंच. मुरुमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनचंही तसंच.

मानसोपचारतज्ज्ञ एकीकडे, स्त्रीरोगतज्ज्ञ दुसरीकडे, आणि दोघांनाही एकमेकांची चिठ्ठी माहीत नाही असं सर्रास होतं. औषधांची पूर्ण यादी घेऊन जा. मनाने कोणतंही औषध बंद करू नका.

मग सगळ्याच मुलींना इम्प्लांट बसवून टाकावं का? प्रश्नच मिटेल.

हा प्रश्न चांगल्या मनाने विचारला जातो, तरीही उत्तर नाही असंच आहे.

अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये इम्प्लांट आणि तांबी यांना किशोरवयीन मुलींसाठी पहिली पसंती सांगितली, ती परिणामकारकतेमुळे. म्हणून ही साधनं आधी समजावून सांगणं योग्यच. पण सांगणं वेगळं आणि बसवून टाकणं वेगळं. सरकारी छत्राखाली असलेल्या, गरीब, अपंग, कृष्णवर्णीय आणि आदिवासी मुलींची त्यांना न विचारता नसबंदी केल्याचा अमेरिकेचा इतिहास फार जुना नाही. जिचं घर, शाळा, भावंडं, सगळं दुसऱ्यांनी ठरवलं, तिच्या दंडात काय जावं हेही दुसऱ्यांनीच ठरवलं तर ती पहिल्या संधीला ते काढून टाकते, आणि पुन्हा कुणाचं ऐकत नाही.

निवड तिची. नको असेल तर नको. बसवल्यावर काढायचं म्हणाली तर कारण न मागता काढून मिळायला हवं, हेही बसवण्याआधीच सांगायचं.

तिने मला विश्वासाने सांगितलं. केसवर्करला कळवू का?

काय गुप्त राहील आणि काय राहणार नाही हे तिने सांगण्याआधी तुम्ही सांगायला हवं, नंतर नाही. ‘तुला कुणी इजा करत असेल, किंवा कुणी मोठं माणूस तुझ्याशी असं वागत असेल, तर मला कळवावंच लागेल. बाकी तुझ्या परवानगीशिवाय पुढे जाणार नाही.’

कळवण्याची सक्ती कुठे सुरू होते हे देशागणिक बदलतं. इंग्लंडमध्ये संमतीचं वय १६ आहे. भारतात पोक्सो कायद्यामुळे १८ वर्षांखालील व्यक्तीशी लैंगिक संबंध हा गुन्हा आहे आणि माहीत असून न कळवणं हाही. गर्भनिरोधकं मागणं ही वेगळी बाब. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत अल्पवयीन मुलगी ती पालकांच्या संमतीविना घेऊ शकते. नियम अंदाजाने पाळू नका, लेखी घ्या.

कळवावं लागलंच तर तिला सांगून, शक्य तर तिच्यासमोर. पाठीमागे केलेला एक फोन पुढची दोन वर्षं वाया घालवतो.

कडक नियम, फोन काढून घेणं, बाहेर जाणं बंद. याने फरक पडतो का?

नुसत्या बंदीने लपवाछपवी वाढते. पण लक्ष ठेवण्याने फरक पडतो, आणि या दोन्हींत गल्लत करू नये. कुठे आहे, कुणासोबत आहे, किती वाजता येणार, हे माहीत असलेलं मोठं माणूस घरात असणं हे संरक्षण आहे. ओरेगनमध्ये तयार झालेल्या उपचारात्मक फॉस्टर केअरमध्ये नेमकं हेच केलं: एका घरात एकच मुलगी, प्रशिक्षित पालक, रोजचा पाठपुरावा, स्पष्ट नियम आणि चांगल्या वागण्याचं लगेच कौतुक. बाल न्यायालयांकडून आलेल्या १३ ते १७ वयाच्या मुलींवरच्या अभ्यासात दोन वर्षांत यातल्या सुमारे २७ टक्के मुलींना दिवस गेले, नेहमीच्या ग्रुप केअरमधल्या मुलींत हे प्रमाण ४७ टक्के होतं. गंमत म्हणजे हा कार्यक्रम गर्भधारणा टाळण्यासाठी आखलेलाच नव्हता.

मुलग्यांचं काय?

मुलग्यांबद्दल मला कुणी आपणहून विचारत नाही, म्हणून हा प्रश्न मीच घातलाय. वर सांगितलेल्या तीन राज्यांच्या अभ्यासात २१ व्या वर्षी निम्म्या तरुणांनी आपल्यामुळे कुणाला तरी दिवस गेल्याचं सांगितलं; त्यांच्या वयाच्या इतर तरुणांत ते प्रमाण १९ टक्के होतं. तरी शिबिरांत खुर्च्यांवर मुलीच बसलेल्या दिसतात. मुलग्यांना कंडोम नीट वापरायला शिकवा, संमती म्हणजे काय ते शिकवा, आणि बाप होणं म्हणजे काय यावर बोला. त्यांच्यातल्या कित्येकांनी बाप घरात पाहिलेलाच नसतो. त्यांच्यावरही अत्याचार झालेले असू शकतात. ते तर आणखी उशिरा बोलतात.

तिला मुलीच आवडतात. तिच्याशी हे बोलायची गरज आहे का?

आहे. समलिंगी किंवा उभयलिंगी आकर्षण असलेल्या किशोरवयीन मुलींमध्ये गर्भधारणेचं प्रमाण इतरांइतकंच किंवा जास्तच आढळलं आहे. गृहीत काहीच धरू नका.

पाळी चुकली आहे. आता?

पाळी चुकल्याच्या पहिल्या दिवसापासून घरगुती चाचणी विश्वासार्ह असते. पाळीच अनियमित असेल तर संबंधानंतर तीन आठवड्यांनी करावी. चाचणीवेळी तिच्यासोबत कोण हवं ते तिला विचारा. चाचणीचं उत्तर ‘नाही’ आलं तर सुटकेचा श्वास टाकून विषय संपवू नका, गर्भनिरोधनाचं बोलणं करायला तोच दिवस सगळ्यात चांगला. ‘हो’ आलं तर पहिलं वाक्य ‘तू ठीक आहेस ना?’ असावं. पुढे काय करायचं, मूल वाढवायचं, दत्तक द्यायचं की गर्भपात, याची पूर्ण माहिती तिला दबावाविना आणि लवकर मिळायला हवी, कारण यातल्या काही वाटा दिवसांवर बांधलेल्या असतात. इतक्या लहान वयात आकडी, रक्तदाब आणि जंतुसंसर्ग यांचा धोका विशीतल्या बायकांपेक्षा जास्त असतो, म्हणून निर्णय काहीही असो, डॉक्टरकडे जाणं लांबवू नका.

तिला मूल झालं. आता प्रतिबंधाचं काय उरलं?

बरंच काही. पहिल्यापाठोपाठ दुसरं मूल होणं ही खरी दमछाक असते, आणि बाळंतपण आणि पुढची गर्भधारणा यांत किमान दोन वर्षांचं अंतर ठेवावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. इम्प्लांट बाळंतपणानंतर दवाखान्यातून घरी येण्याआधीही बसवता येतं. त्याबद्दलचं बोलणं गरोदरपणातच व्हायला हवं, बाळंतपणाच्या कळांत नाही.

या मुलींच्या मनात एक भीती सतत असते: माझं बाळही नेतील. म्हणून त्या मदत मागत नाहीत. आई आणि बाळ एकाच फॉस्टर घरात एकत्र राहू शकतील अशी सोय असेल तर ती आधी शोधा. अमेरिकेत २०१८ च्या केंद्रीय कायद्याने फॉस्टर केअरमधल्या गरोदर आणि आई-बाप झालेल्या मुलांना ‘प्रतिबंधक’ सेवांसाठी, म्हणजे बाळाला त्यांच्यापासून वेगळं करायची वेळ येऊ नये यासाठीच्या मदतीसाठी, थेट पात्र ठरवलं आहे. केसवर्करला त्याबद्दल विचारा.

१८ पूर्ण झाली की माझी जबाबदारी संपते ना?

कागदावर संपत असेल. पण वरचे आकडे पुन्हा वाचा: १७ ते २१ या चार वर्षांतच प्रमाण दुपटीवर गेलं. तीन राज्यांपैकी इलिनॉयमध्ये २१ वर्षांपर्यंत केअरमध्ये राहता येत होतं, इतर दोन राज्यांत बहुतेकांना १८ व्या वर्षी बाहेर पडावं लागे. १८ नंतरही केअरमध्ये राहिलेल्या मुलींमध्ये विशीच्या आत दिवस जाण्याचा दर सुमारे ३८ टक्क्यांनी कमी दिसला. डोक्यावर छप्पर आणि एक ओळखीचं माणूस, एवढ्याने हा फरक पडू शकतो.

इंग्लंडने १९९९ मध्ये दहा वर्षांची योजना आखली तेव्हा केअरमधल्या आणि केअर सोडलेल्या मुलांकडे वेगळं लक्ष दिलं. १८ खालच्या मुलींमधला गर्भधारणेचा दर १९९८ मध्ये हजारी ४६.६ होता, तो २०१४ पर्यंत निम्म्याखाली आला. आता तिथे केअर सोडलेल्या तरुणांना २५ वर्षांपर्यंत वैयक्तिक सल्लागार मिळू शकतो.

म्हणून निरोपाच्या वेळी मुलीच्या हातात काही गोष्टी द्या: तिची वैद्यकीय फाईल, साधन बदलायची तारीख, जवळच्या तरुणांसाठीच्या दवाखान्याचा पत्ता, आरोग्यविम्याची कागदपत्रं. अमेरिकेत १८ व्या वर्षी फॉस्टर केअरमध्ये असलेल्यांना २६ पर्यंत मेडिकेड (सरकारी आरोग्यविमा) मिळतं, हे अनेकांना माहीतच नसतं. आणि तुमचा फोन नंबर, ‘रात्री उशिरा केला तरी चालेल’ असं सांगून.

आमच्या संस्थेत तयार अभ्यासक्रम आणायचा आहे. कोणता निवडू?

केअरमधल्या मुलांसाठीच लिहिलेला किंवा त्यांच्यासाठी बदलून घेतलेला निवडा. ‘पॉवर थ्रू चॉइसेस’ हा तसा एक आहे. दीड-दीड तासाची दहा सत्रं, ग्रुप होममध्ये घेण्याजोगी. कॅलिफोर्निया, मेरीलँड आणि ओक्लाहोमातल्या मूल्यमापनात मुलांचं ज्ञान आणि साधनं वापरण्याबद्दलचा आत्मविश्वास वाढलेला दिसला. सर्वसाधारण शालेय अभ्यासक्रमात ‘घरी आईशी यावर बोला’ असा गृहपाठ असतो. तो या मुलांसमोर वाचून दाखवायची कल्पना करून बघा, मग निवड सोपी होईल.

सत्रं घेणारं माणूस मात्र दर वेळी बदलू नका. आणि सहाव्या सत्रानंतर एखाद्या मुलीची बदली झाली तर उरलेली चार सत्रं तिला नव्या ठिकाणी कशी मिळतील, हे पहिलं सत्र सुरू होण्याआधीच ठरवून ठेवा.